एका पात्रात दोन रंगांचं पाणी

ब्राझीलमधल्या मानाउस शहरापासून होडीने थोडं पुढे गेलं, की नदीत एक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूला कोऱ्या चहासारखं काळं पाणी, दुसऱ्या बाजूला दूध घातलेल्या चहासारखं. रिओ नेग्रो आणि सोलिमोइस या नद्या इथे भेटतात, पण सुमारे सहा किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. संगमानंतर ब्राझीलचे लोक या नदीला ॲमेझॉन म्हणतात.

सोलिमोइस अँडीज पर्वतातला गाळ घेऊन येते; ती जास्त थंड आणि वेगवान आहे. रिओ नेग्रो जंगलातून संथ येते. कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क उतरल्यामुळे तिचं पाणी काळं आणि आम्लयुक्त होतं. त्यात डासांच्या अळ्या फारशा वाढत नाहीत, म्हणून तिच्या काठी डास कमी. जंगलातल्या माणसासाठी ही काही लहान गोष्ट नाही!

इथलं पाणी वर्षभरात दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. म्हणून घरं उंच खांबांवर असतात, नाहीतर ओंडक्यांवर तरंगतात. पूर आला की नदी जंगलात शिरते आणि मासे झाडांमध्ये पोहू लागतात. तांबाकी नावाचा मासा तर पाण्यात पडलेल्या रबराच्या कठीण बिया दाढांसारख्या दातांनी फोडून खातो.

रस्ते मोजकेच. शाळा, दवाखाना, बाजार, सगळीकडे होडीनेच जायचं. त्यामुळे नदी आटली की रस्ताच बंद होतो.

मानाउसच्या बंदरात 1902 पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. जून 2021 मध्ये ती 30 मीटरवर गेली होती. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये, ती 12.70 मीटरपर्यंत खाली आली आणि 2024 मध्ये त्याहूनही खाली गेली. हा फरक जवळजवळ सहा मजली इमारतीएवढा आहे! होड्या चिखलात रुतल्या. कोरड्या पात्रातून पिण्याच्या पाण्याचे कॅन डोक्या-खांद्यावर घेऊन लोक चालत होते. तेफे सरोवराचं पाणी इतकं तापलं, की तिथे शंभराहून जास्त डॉल्फिन मेले.

2023 च्या त्याच दुष्काळात संगमाजवळचे खडक उघडे पडले. त्यांवर माणसांचे चेहरे कोरलेले होते, एक ते दोन हजार वर्षांपूर्वीचे असावेत असा अंदाज आहे. शेजारच्या खडकावर खाचा होत्या. नदीकाठच्या कुणीतरी तिथे आपली हत्यारं घासून धार लावली असावी.