सुटलेले व्यसन आणि न सुटलेली आठवण
(द्वितीय वर्ष, कला)

मामा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला तेव्हा आईने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामा ट्रकवर होता. मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. त्या वाटेवरच्या एका धाब्यावर अंगदुखीवर म्हणून त्याने ती प्रथम घेतली. केंद्रातून आल्यावर तीन महिने तो अगदी नीट होता. चौथ्या महिन्यात गाडीचा हप्ता थकला आणि त्याच आठवड्यात तो त्याच धाब्यावर उतरला. आई म्हणाली, "आमची आठवणसुद्धा नाही आली का गं त्याला?"

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. मानसशास्त्राच्या सरांकडून पुस्तके मागून वाचली. त्यातून जे उमगले ते मांडते.

अफूतले मुख्य द्रव्य मॉर्फिन. हेरॉइन त्यापासूनच करतात. ही द्रव्ये मेंदूत जिथे जाऊन बसतात त्या जागा १९७३ साली सापडल्या. पण त्या जागा काही अफूसाठी नाहीत. वेदना शमविणारी तशीच द्रव्ये आपले शरीर स्वतः तयार करते, हे १९७५ साली कळले. बाहेरून रोज भर पडू लागली की मेंदू त्या बेताने बदलतो. मग मात्रा वाढवावी लागते, आणि बंद केली की अंग मोडून येते, घाम फुटतो, झोप उडते. हा त्रास बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. मामाचा तो ओसरला होता, आणि आम्ही समजलो, सुटले.

व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांची हकिकत मला फार बोलकी वाटली. १९७१ साली परतलेल्या सैनिकांची ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी चौकशी केली. पाचांतला जवळजवळ एक जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. पण घरी आल्यावर वर्षभरात त्यांतले सुमारे ५ टक्केच पुन्हा अडकले. घरी हेरॉइन तितके सहज मिळत नव्हते, हेही खरे. पण तो तळ, ते सोबती, ती भीती, सारे मागे राहिले होते. नशेबरोबर मेंदू जागा आणि माणसेही जोडून ठेवतो. मामाला मात्र आम्ही बरा करून पुन्हा त्याच रस्त्यावर पाठवले!

त्यात ताण. ताणात शरीर कॉर्टिसॉल सोडते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी जुळविणाऱ्या भागावर त्याचा अंमल चालतो. पाठ केलेले उत्तर परीक्षेत ऐन वेळी आठवत नाही, हे मी गेल्या वर्षी भोगले आहे. ताणात विचार मागे पडतो आणि जुनी सवय पुढे येते. हेरॉइन सुटलेल्या उंदरांच्या पायांना विजेचा हलका झटका दिला, तर ते हेरॉइन देणारी कळ पुन्हा दाबू लागतात. मामाचा झटका म्हणजे तो हप्ता.

एक गोष्ट वाचून मात्र मी घाबरले. काही काळ सुटल्यावर अंगाची सहनशक्ती कमी झालेली असते. तेव्हा पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. मामा त्या रात्री वाचला.

हे सगळे आईला माझ्या भाषेत सांगितले. तिने ऐकून घेतले, बांगड्या मोडल्या आणि थकलेला हप्ता भरला. मामा आता गावातच दुधाचा टेम्पो चालवतो. संध्याकाळी उशीर झाला की आई अजून दारात जाऊन उभी राहते.