घर नावावर करून देताना

या आठवड्यात स्मृतिभ्रंशावर लिहायचं ठरलं होतं. तो लेख पुढच्या आठवड्यात. मधेच सिडकोतल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. त्यांची दस्तनोंदणीची तारीख तोंडावर आली आहे, म्हणून आजची जागा त्यांची. आणि खरं तर क्रमही असाच हवा. विस्मरण सुरू झाल्यावर केलेल्या सहीवर पुढे कोणीही बोट ठेवू शकतो, तेव्हा कागदपत्रांचं जे काही करायचं ते त्याच्या आधी.

पत्रातली हकिगत थोडक्यात अशी. मुलगा पुण्यात नोकरीला. सिडकोतल्या घरावर एक मजला चढवायची त्याची इच्छा आहे, म्हणजे तो आला-गेला तर जागा होईल, नाहीतर भाडं येईल. कर्ज काढायचं तर घर त्याच्या नावावर हवं, असं त्याला कोणीतरी सांगितलं. बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये लागतं, हेही सांगितलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, म्हणतात, उद्या द्यायचंच आहे तर आज द्या, पोराचं मन कशाला मोडता? सर लिहितात, 'माझं मन धजत नाही. मी पोरावर अविश्वास दाखवतोय का?'

सर, नाही. तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे, आणि त्याचा मुलाच्या चांगुलपणाशी काही संबंध नाही.

दोनशे रुपयांची गोष्ट खरी आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे आणि पुष्कळांना तिचा उपयोगही झाला. पण तिच्यामुळे घर देऊन टाकणं फार सोपं झालं. पूर्वी शुल्काचा आकडा ऐकून माणूस चार महिने थांबायचा, त्या चार महिन्यांत घरात बोलणं व्हायचं. आता तो थांबा उरला नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात एखादी दुपार बसून पाहा. आजोबांना कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसवतात, चष्मा काढायला लावतात. मग अंगठा यंत्राच्या काचेवर. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, ठसा उमटत नाही. कोणीतरी ओल्या रुमालाने बोट पुसतं, मुलगा हात धरून अंगठा पुन्हा दाबतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मग एकदाचा उमटतो. 'दस्त मान्य आहे ना?' 'हो.' दस्ताची पानं समोर असतात, पण सही कुठे करायची याच्यापलीकडे त्यात काय आहे, हे आजोबांना कोणी वाचून दाखवलेलं नसतं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी वाटतं की उठून म्हणावं, थांबा, आधी एकदा मोठ्याने वाचा.

कारण नोंदणी झालेलं बक्षीसपत्र देणाऱ्याला एकट्याच्या मर्जीने मागे घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ चा अर्थ तोच आहे. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदला, शेवटचं तेवढं खरं.

'पण ज्येष्ठांसाठी कायदा आहे ना?' हा प्रश्न हमखास येतो. आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७. त्याचं कलम २३ सांगतं की मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांचं, म्हणजे प्रांतसाहेबांचं. पण त्या वाक्यातला 'अटीवर' हा शब्द पुन्हा वाचा. सगळं त्याच्यावर अडतं.

गुरुग्रामच्या रामती देवींनी मुलींच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. पुढे बिनसलं. त्या न्यायाधिकरणात गेल्या, तिथे जिंकल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ६ डिसेंबर २०२२ ला न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि अभय ओक यांच्या पीठाने निकाल फिरवला. सांभाळण्याची अट दस्तात नाही, तशी अट होती असं अर्जातही म्हटलेलं नाही, मग कलम २३ लागू कसं करायचं? आई हरली.

दुसरी गोष्ट मध्य प्रदेशातल्या छतरपूरची. ऊर्मिला दीक्षित यांनी २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र दिलं. त्याच वेळचं एक वचनपत्रही होतं, की मुलगा शेवटपर्यंत सांभाळेल आणि न सांभाळल्यास आई घर परत घेऊ शकेल. वचनपत्र बनावट आहे, असं मुलाचं म्हणणं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आईची बाजू टिकली नाही. २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताकडे पाहून उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं, आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं हे स्पष्ट केलं. जिंकली खरी, पण दिल्लीपर्यंत जाऊन. आणि जिंकली ती एका कागदाच्या जोरावर. आपल्या ओळखीतल्या कोणत्या आईने असा कागद करून घेतला आहे?

मला सगळ्यात जास्त वाटतं ते हे, की आपल्याकडच्या बहुतेक आया प्रांत कार्यालयाची पायरी चढतच नाहीत. पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करण्यापेक्षा पैठण रस्त्यावरच्या मातोश्री वृद्धाश्रमाचा पत्ता विचारतील, बहिणीकडे जाऊन राहतील. कायदा हाताशी असावा, पण आपली तजवीज त्याच्यावर सोडू नये.

आता अशी एक शक्यता सांगतो जी मुलगा अगदी श्रावणबाळ असला तरी टळत नाही. समजा सरांनी घर मुलाला बक्षीस दिलं आणि दुर्दैवाने मुलगाच आधी गेला, मृत्युपत्र न करता. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची पत्नी, मुलं आणि आई येतात. वडील येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. म्हणजे ज्या माणसाने हप्ते फेडून घर उभं केलं त्याचा त्या घरात कागदोपत्री काहीच हिस्सा उरणार नाही. मुलाची नोकरी जाणं, धंद्यात कर्ज होणं, घटस्फोट होणं, यांतल्या कशातही मुलाचा दोष असेलच असं नाही. पण घर त्याचं असेल तर झळ घराला बसणार.

आणि घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांत आयुष्य काढलेल्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये. त्यांच्यासाठी राहतं घर हीच खरी पेन्शन. ते स्वतःच्या नावावर असेल तर वरची खोली भाड्याने देता येते, आणि भाडेकरू नुसतं भाडं देत नाही. आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं, कधी अपरात्री. गुडघे धरलेल्या माणसाने उठून मोटार लावायची की वरच्या पोराला हाक मारायची, हा फरक ज्याच्या घरी आहे त्याला विचारा. जिना झेपेना तर घर विकून तळमजल्यावरचं लहान घर घेता येतं. ते ठरवायला कोणाची सही मागावी लागत नाही.

कर्जाचं काय? सर, बँकेला तारण लागतं, आणि तारण देणारा मालक आणि हप्ते फेडणारा मुलगा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. मालक म्हणून तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार व्हा, फेडीचं गणित मुलाच्या पगारावर बसू द्या. तुमच्या वयामुळे एखादी बँक नाही म्हणेल, दुसरीकडे विचारा. हप्ते थकले तर घर अडचणीत येतंच, हा धोका लपवत नाही. पण वसुलीची ६० दिवसांची नोटीस तुमच्याही नावाने येईल. घर मुलाच्या नावावर असतं तर ती पुण्याला गेली असती. सिडकोतल्या भाडेपट्ट्याच्या जमिनीचं हस्तांतरण असो की तारण, सिडकोच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

एवढं करूनही बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर दस्तात हे घालून घ्या: 'देणार व त्यांची पत्नी यांना हयातीपर्यंत या घरात राहण्याचा हक्क राहील. घेणार त्यांचं अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि देखभाल करेल. तसं न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द ठरवून घेण्याचा अधिकार देणार यांना राहील.' भाषा वकील ठाकठीक करतील, पण या तीन गोष्टी दस्ताच्या आत हव्यात. तोंडी किंवा वेगळ्या चिठोऱ्यावर नकोत.

बाईंसाठी मुद्दाम लिहितो. घर एकट्या सरांच्या नावावर आहे आणि मृत्युपत्र नाही. उद्या सर नसतील तेव्हा घर बाईंचं होणार नाही. बाई आणि मुलं यांचे समान हिस्से पडतील. दोन मुलं आणि एक मुलगी असेल तर बाईंचा हिस्सा एक चतुर्थांश. मग दिवस-कार्य आटोपल्यावर पंधरवड्याच्या आत कोणीतरी म्हणतं, नाव लावायला सोपं जाईल, आई आणि ताईचं हक्कसोडपत्र करून घेऊ. मराठवाड्यात मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे, आणि करणाऱ्यांच्या मनात बहुधा पापही नसतं. आई दुःखात असते, सही करते. त्या एका सहीने ती स्वतःच्या घरात पाहुणी होते. रामती देवींचा दस्तही हक्कसोडपत्रच होता. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: मृत्युपत्रात घर आधी एकमेकांना द्या, दोघांनंतर मुलांना. आणि नवरा गेल्यावर वर्षभर कोणत्याही दस्तावर सही करू नका.

मुलीला या बोलण्यात बसवा. जबाबदारीच्या बाबतीत कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. १९८७ मध्ये डॉ. विजया मनोहर अरबट यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. त्या कल्याणच्या डॉक्टर. जिच्यावर जबाबदारी येऊ शकते तिला निर्णय झाल्यावर फोन करून कळवायचं, हे बरं दिसत नाही. दवाखान्यात रात्री उशाशी बहुतेक वेळा तीच असते.

आणि पुण्यातल्या मुलालाही एक शब्द, कारण ही लेखमाला मुलंही वाचतात. दादा, वडिलांनी स्वतःहून घर देऊ केलं तरी तू नको म्हण. नको म्हणणं त्यांना फार जड जातं, तुला ते सोपं आहे.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आहे, आणि वयाने तुमच्याहून लहान असलेले बरे. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. त्याच सुमारास डॉक्टरांकडून मनाने सावध असल्याचा दाखला घ्या आणि सोबत जोडा. आणि मूळ कागद स्वतःच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्यामागे ते लॉकर उघडायला बँक वारसांचे कागद मागेल, आणि वारस कोण हे सांगणारा कागद आत असेल. घरच्या कपाटात ठेवा, आणि कोणत्या कप्प्यात ठेवलाय हे मुलाला आणि मुलीला, दोघांनाही एकाच दिवशी सांगा.