नदी तीच, आवृत्ती वेगळी

समजा, तुमचं गाव उमरठ. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवत लहानाचे मोठे झालात, बारावीनंतर लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनीअरिंगला लागलात आणि आता शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायचाय. विषय शोधायला लांब जायला नको. डोंगर उतरून पोलादपूरला आलं की सावित्री आहेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल हिच्याच पुरात गेला, त्यावरच्या एसटी गाड्यांसकट. २२ जुलै २०२१ ला तर अख्खं महाड पाण्यात होतं.

मग ठरलं. एक वेब ॲप करायचं. नदीत पाणी किती येतंय आणि बाणकोटच्या खाडीला भरती किती आहे, हे दोन आकडे मोबाइलवर टाकले की महाडच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढेल ते नकाशावर दिसलं पाहिजे. (भरतीचा आकडा विसरू नका. वरून पूर आणि खालून भरती एकदम आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही.)

स्क्रीन तुम्ही दोन रात्रींत बनवाल. गणित कोण करणार? ते आपण स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी ‘हेक-रास’ आहे. अमेरिकेच्या यूएस आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सनं तयार केलेलं, फुकट मिळणारं आणि जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. नदीचे आडवे छेद, तळाचा खडबडीतपणा आणि पाण्याचा आकडा दिला की ते पातळी काढून देतं.

पण हे खिडक्या उघडून, माऊसनं चालवायचं विंडोजचं सॉफ्टवेअर. तुमच्या ॲपनं ते कसं चालवायचं? विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला हाक मारायची सोय आहे, तिला ‘कॉम’ म्हणतात. पायथॉनमधून एका ओळीत हाक मारता येते. गंमत म्हणा किंवा त्रास म्हणा, या हाकेच्या नावातच आवृत्तीचा नंबर असतो. ५.०.७ असेल तर ‘रास५०७’, ६.१ असेल तर ‘रास६१०’. गावात एकाच आडनावाची दहा घरं असली की नुसतं आडनाव घेऊन भागत नाही, तसंच हे.

आता डेमोचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तुमच्या लॅपटॉपवर ५.०.७ आहे. लॅबच्या मशीनवर सुट्टीत कुणीतरी जुनं काढून ६.१ टाकलंय. एक्स्टर्नल समोर बसलेत, तुम्ही बटण दाबता आणि ॲप म्हणतं, असा कुणी इथे राहत नाही. बरं, नाव बदललं म्हणजे सुटलात असंही नाही. ४.१ मधलं गणित सुरू करायचं फंक्शन आणि ५ नंतरचं तेच फंक्शन यांत फरक आहे. नंतरच्यात, गणित संपेपर्यंत थांबायचं की नाही, हेही सांगावं लागतं. जुना कोड तिथे अडतो.

ही अडचण कळते तरी, कारण लाल अक्षरात एरर येते. मला जास्त भीती वाटते ती गपगुमान चालणाऱ्या ॲपची. नव्या आवृत्तीत गणिताची पद्धत सुधारलेली असू शकते. नदी तीच, आकडे तेच, पण उत्तर थोडं सरकतं. अर्धा फूट म्हटलं तर काहीच नाही. पण उंबऱ्यापाशी अर्धा फूट म्हणजे पाणी घरात की बाहेर, एवढा फरक.

म्हणून जोडणी थेट करू नका. वेबसाइटनं फक्त एक चिठ्ठी रांगेत टाकावी: अमुक पाणी, अमुक भरती. बाजूला एक विंडोज मशीन ठेवा. ते एकेक चिठ्ठी उचलेल, मॉडेलची वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करेल, गणित करेल, उत्तर ठेवून देईल. कॉपी का, तर दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं आणि दोन्ही गणितं एकाच फोल्डरमध्ये सुरू झाली, तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर जायचं. आणि वेळमर्यादा घाला. सर्व्हरवर हेक-रासनं ‘ओके’ विचारणारी खिडकी उघडली, तर ती दाबायला तिथे कुणी बसलेलं नसतं. ॲप रात्रभर गोल फिरत राहील.

आवृत्तीचं सगळं ज्ञान एकाच छोट्या फाइलमध्ये कोंडून टाका. बाकी कोडला ‘रास५०७’ हे नावही माहीत नको. हेक-रासच्या प्लॅन फाइलमध्ये ‘प्रोग्रॅम व्हर्जन’ अशी एक ओळ असते. ती आधी वाचायची आणि मग त्याच आवृत्तीला हाक मारायची. एका मशीनवर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात, तेव्हा नवी आली म्हणून जुनी उडवू नका.

हे असं करता येतं याचा पुरावा हवा असेल तर पवईकडे बघा. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं ‘सायलॅब ऑन क्लाउड’ केलंय. पुस्तक निवडा, धडा निवडा, उदाहरण ब्राउझरमध्येच चालवा. सायलॅब त्यांच्या सर्व्हरवर, त्यामुळे कुठली आवृत्ती चालवायची ते तेच ठरवतात. तुमच्या लॅपटॉपवर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

आणि ॲपच्या पडद्यावर, नकाशाच्या खाली, बारीक का होईना पण एक ओळ छापा: हे उत्तर कुठल्या आवृत्तीनं आणि कुठल्या तारखेला काढलं. तिच्याच खाली, हा विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट आहे, पुराचा इशारा प्रशासनाचाच मानावा, हेही.

आवृत्ती बदलायची वेळ आलीच, तर आधी २०२१ चा पूर दोन्हींवर चालवून बघा. मग एक टेप घेऊन महाडच्या बाजारपेठेत जा. कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, काका, त्या दिवशी पाणी कुठवर होतं? ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. तिथून खाली जमिनीपर्यंत मोजा.