अंगणवाडी बंद होती, मूल वाढतच होते

दोन वर्षांचे मूल साथ ओसरण्याची वाट पाहत थांबत नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्यांना कुलूप लागले, तेव्हाही त्याची हाडे वाढत होती, शब्द जुळत होते, भूक लागत होती. शाळेतल्या मुलाचे बुडालेले वर्ष पुढे मेहनतीने काही प्रमाणात भरून काढता येते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत मात्र मेंदूची आणि शरीराची जी बांधणी होते, ती हुकली की पुढे सावरणे फार अवघड जाते. म्हणून साथीच्या काळात या वयाच्या मुलांसाठीचे काम थांबवता येत नाही, त्याची रीत बदलावी लागते. कोविडच्या दोन वर्षांत ती कशी बदलली, काय साधले आणि कुठे कमी पडले, हे आता शांतपणे तपासायला हवे. पुढची साथ, पुढचा पूर आधी कळवून येणार नाही.

मुळात बंद काय पडले, ते आधी पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा आहेत. गावातल्या आईला त्या एकाच उंबरठ्यावर, एकाच ओळखीच्या बाईकडून मिळतात. त्यातच मुलांच्या पोषणाची हाताशी शिल्लकही नव्हती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे महाराष्ट्रातले काम २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच झाले होते. त्यानुसार पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि सुमारे २६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती. संकट आले ते अशा घरांवर.

वाटीतला घास घरभर वाटला गेला

सर्वात आधी सोडवायचा होता तो आहाराचा प्रश्न. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार मिळावा, असा तेव्हा निकष होता. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये त्याला हक्काचे रूप दिले. तीन वर्षांपुढच्या मुलांना एरवी अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. तो थांबल्यावर गहू, हरभरा, डाळ, तिखट, हळद, मीठ असा कोरडा शिधा घरपोच देण्यात आला. लोक घराबाहेर पडायला धजत नव्हते, त्या दिवसांत सेविका आणि मदतनीस पिशव्या घेऊन दारोदार गेल्या. हे मोठेच काम होते.

पण शिजवलेली खिचडी आणि कच्चा शिधा यांत एक मूलभूत फरक आहे. अंगणवाडीतल्या वाटीतले अन्न त्या मुलाच्याच पोटात जाते. घरी आलेली डाळ घराच्या पातेल्यात पडते आणि ज्या घरात मजुरी बंद आहे, तिथे ती पाच-सहा तोंडांत वाटली जाते. यात आईचा दोष नाही. चूल एकच असते. त्यामुळे संकटकाळात मुलाचा शिधा नुसता पोहोचवून भागत नाही. त्यासोबत कुटुंबाचे रेशनही पुरेसे असावे लागते, नाहीतर मुलाचा वाटा मुलापर्यंत येतच नाही. बालपोषण आणि रेशन या दोन खात्यांच्या दोन योजना असल्या, तरी साथीत त्या हातात हात घालून चालल्या पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच मुलांच्या आहाराच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. पुढे १३ जानेवारी २०२१ च्या निकालात, प्रतिबंधित क्षेत्रे वगळून इतरत्र ३१ जानेवारीपर्यंत अंगणवाड्या उघडण्याबाबत निर्णय घ्यावा, असे राज्यांना सांगितले. मुलाचा घास ही टाळेबंदीतही अत्यावश्यक सेवा आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

दंडाची पट्टी आईच्या हाती

आहाराइतकीच महत्त्वाची दुसरी सेवा म्हणजे वजन-उंचीची नोंद. काटा अंगणवाडीत, अंगणवाडीला कुलूप आणि मुलाला हात लावायची भीती. अशा वेळी कुपोषण वाढते आणि कागदावर दिसतही नाही.

याला एक साधे उत्तर आहे: दंडघेर मोजायची रंगीत पट्टी. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पट्टी लाल रंगावर येते आणि मूल तीव्र कुपोषित ठरते. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान पिवळा, त्यापुढे हिरवा. अक्षरओळख नसली तरी रंग कळतो. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये कोविडच्या आधीच हे काम आयांना शिकवून पाहिले होते. आयांची मोजमापे आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोडीची निघाली आणि मुले लवकर सापडल्याने रुग्णालयात दाखल करण्याची वेळही कमी आली. साथीत अनेक देशांनी हीच पद्धत उचलली. वजन-उंचीच्या मोजमापाला हा पूर्ण पर्याय नाही. काही कृश मुले पट्टीतून सुटतात. तरीही काहीच न मोजण्यापेक्षा आईने महिन्यातून एकदा मोजणे शतपटीने बरे. शिवाय 'तुमचे मूल कुपोषित आहे' हे दुसऱ्याने ऐकवण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी लाल रंग दिसला, तर पाऊल लवकर उचलले जाते.

फोन वाजला, पण बोलले कोण?

तिसरा भाग शिकण्याचा आणि पालकांच्या आधाराचा. राज्याने २०२१ मध्ये 'तरंग सुपोषित महाराष्ट्राचा' हा उपक्रम सुरू केला आणि पोषणाची, बालसंगोपनाची माहिती फोनवरच्या ध्वनिमुद्रित संदेशांतून व व्हॉट्सॲपवरून देऊ केली. सेविका पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गाणी, गोष्टी, खेळ पाठवू लागल्या. स्मार्टफोन बापाकडे, बाप कामावर, डेटा संपलेला आणि मेळघाटातल्या पाड्यावर रेंजच नाही, अशा अडचणी तर होत्याच. त्यांच्याहून खोल प्रश्न होता तो संदेश आणि संवाद यांतल्या अंतराचा.

आफ्रिकेतल्याच बोत्स्वानामध्ये २०२० साली शाळा बंद असताना सुमारे ४,५०० कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला. मुले प्राथमिक शाळेतली होती, पण धडा सगळ्यांना लागू पडतो. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे लघुसंदेश गेले. काहींना संदेशासोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोनही आला. ज्यांना फोन आला, त्यांची मुले गणितात स्पष्टपणे पुढे गेली. नुसत्या संदेशाचा ठोस परिणाम दिसला नाही. कोणीतरी विचारते, ऐकते, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारते, यामुळे फरक पडतो.

लहान मुलांबाबत हे अधिकच खरे आहे. 'मुलाशी बोला' हा सल्ला आईला नवा नाही. तिला हवे असते ते आजच्या कामात बसणारे काहीतरी. मटार सोलताना चार वर्षांच्या मुलाला विचारावे, कुठल्या शेंगेत जास्त दाणे निघाले? धुतलेले कपडे घडी करताना आईचे कुठले, बाबांचे कुठले, लहान कुठले, हे त्याला निवडू द्यावे. तान्हे बाळ 'अं' म्हणाले, तर आपणही 'अं' म्हणून थांबावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. (तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मात्र दाणे देऊ नयेत, घशात अडकतात.) याला खेळण्यांचा खर्च नाही. पण ज्या आईचे घर नोकरी गेल्याने धास्तावले आहे, जिला रात्री झोप नाही, तिला आधी 'तुम्ही कशा आहात, ताई?' असे विचारावे लागते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या बालसंगोपनाच्या चौकटीत आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिक्षणाच्या जोडीला मुलाच्या खुणा ओळखून प्रतिसाद देणारे संगोपन हा पाचवा घटक आहे. खचलेल्या माणसाला असा प्रतिसाद देणे जड जाते. म्हणून पालकाचे मन सांभाळणे हाही बालविकासाचाच भाग आहे.

सेविकेला कोण सांभाळणार?

हा सारा डोलारा जिच्या खांद्यावर, तिची त्या काळात काय अवस्था होती? घरोघरचे सर्वेक्षण, शिधावाटप, कोविडची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आणि वर अॅपमधल्या नोंदी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. निकृष्ट फोन आणि 'पोषण ट्रॅकर' या अॅपमधली इंग्रजी, या त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या बाईने आईशी बोलायचे, तिचा वेळ पडद्यावरच्या रकान्यांत जात असेल, तर संवाद होणार कधी? सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. संकटात जिच्यावर अख्खी व्यवस्था विसंबते, तिला 'मानसेवी' म्हणून हक्कांपासून दूर ठेवता येणार नाही.

बोर्डीचा धडा

सेवाच मुलापर्यंत घेऊन जाण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. मूल केंद्रापर्यंत येऊ शकत नसेल, तर केंद्राने मुलापर्यंत जायचे, हे सूत्र तिथे घडले. ते साथीतही तेवढेच लागू होते.

म्हणून पुढच्या संकटाची तयारी आजच, साध्या दिवसांत व्हायला हवी. प्रत्येक घरात दंडघेराची पट्टी आणि ती वापरता येणारी आई. मुलाच्या शिध्यासोबत कुटुंबाच्या रेशनची हमी. प्रत्येक सेविकेकडे चालणारा, मराठीत काम करणारा फोन आणि दर आठवड्याला ठरावीक घरांशी बोलण्यासाठी राखून ठेवलेला वेळ. जिथे रेंज नाही, तिथे गृहभेट. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर अडकलेल्या मुलाची नोंद त्याच गावच्या अंगणवाडीने घ्यावी, असा स्पष्ट आदेश. यातले काहीही अवाढव्य खर्चाचे नाही. साथ आल्यावर हे उभे करू म्हटले, तर हजार दिवसांतले कितीतरी दिवस हातचे जातात आणि ते त्या मुलाला कोणतेही सरकार परत देऊ शकत नाही.