थकवा अंगवळणी पडू नये

‘आता वय झाले, असे व्हायचेच’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यामागील व्यथेकडे कोणाचे लक्षच जात नाही. दिवसभराच्या कष्टांनंतर येणारा थकवा स्वाभाविक आहे. रात्रीच्या झोपेने तो दूर होतो. परंतु सकाळी उठतानाच अंग जड वाटणे, जिना चढताना मध्येच थांबावे लागणे, आवडत्या कामातही मन न लागणे, आणि हे सारे आठवडेच्या आठवडे चालणे, हा प्रकार निराळा होय. असा थकवा पावलापावलाने येतो आणि अंगवळणी पडतो. गृहिणीच्या बाबतीत तर तो तिच्या स्वभावाचाच भाग मानला जातो. ‘हल्ली तिला उरकत नाही’ एवढा शेरा मारून घर मोकळे होते.

या थकव्यामागील काही कारणे रक्ताच्या तपासणीतून निश्चितपणे कळू शकतात, आणि त्यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत. म्हणून या तपासण्या नेमके काय सांगतात, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

डब्यातील पीठ आणि कणगीतील धान्य

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते व ते प्राणवायू शरीरभर पोहोचविते. दर १०० मिलिलिटर रक्तात स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा व पुरुषांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा ते कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. मासिक पाळी, बाळंतपणे आणि सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय यांचा हिशेब या आकड्यांत दडलेला आहे.

हिमोग्लोबिन हे डब्यातील पीठ मानले, तर शरीरातील लोहाचा साठा ही कणगी होय. डबा भरलेला दिसतो, पण कणगी तळाला गेलेली असते, अशी अवस्था रक्तक्षयापूर्वी येते आणि तीतही थकवा जाणवू शकतो. हा साठा फेरिटिन या तपासणीने कळतो. मात्र ताप किंवा शरीरात कोठे दाह असल्यास फेरिटिन वाढते व कणगी भरल्याचा भास होतो; म्हणून आजारपणातील आकडा डॉक्टरांनी तारतम्यानेच वाचावा लागतो.

फिकटपणा एक, कारणे अनेक

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. त्या स्त्रियांचा आहार तपासता तपासता, यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. फिकट चेहरा पाहून प्रत्येकाला लोहाचेच औषध द्यावयाचे नसते, हा धडा मुंबईतील त्या गरीब स्त्रियांच्या रक्ताने जगाला दिला.

आज हा भेद ओळखण्यास रक्तपेशींची साधी मोजणी साह्य करते. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात; फॉलिक आम्ल किंवा बी-बारा जीवनसत्त्व कमी पडले की त्या मोठ्या होतात. दोन्ही उणिवा एकत्र असल्या, तर आकार सर्वसाधारण दिसून फसगतही होते.

बी-बारा केवळ प्राणिज पदार्थांत मिळते. शाकाहारी कुटुंबांना त्यासाठी दूधदुभत्यावर अवलंबून राहावे लागते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. हातापायांना मुंग्या येणे व विसराळूपणा ही त्याच्या अभावाची आणखी लक्षणे होत.

आवाज का चढतो?

गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली की सुस्ती, वजनवाढ, बद्धकोष्ठ व थंडी सहन न होणे अशी लक्षणे दिसतात. टी. एस. एच. हा संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येतो व थायरॉइडला कामास लावतो. विद्यार्थी ऐकेनासा झाला की शिक्षकाचा आवाज चढतो, तसा थायरॉइड मंदावताच टी. एस. एच. चा आकडा चढतो. याखेरीज रक्तातील साखर आणि मूत्रपिंड व यकृत यांचे कार्य यांच्या तपासण्याही थकव्याचा उलगडा करू शकतात.

कारणाचेही कारण

लोह कमी आहे, एवढे कळल्याने शोध संपत नाही. ते कोठे गेले, हे पाहिले पाहिजे. पुरुषांत, तसेच पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह घटले असेल, तर जठरातील व्रण, मूळव्याध, क्वचित आतड्याचा कर्करोग यांतून होणारा रक्तस्राव त्यामागे असू शकतो. अशा वेळी परस्पर टॉनिक आणून घेतल्यास आकडा सुधारतो आणि मूळ रोग पडद्याआड वाढत राहतो. काळसर शौच, घटते वजन, रेंगाळणारा ताप वा धाप असल्यास विलंब करू नये.

तपासणीपूर्वी व नंतर

हल्ली अनेक तपासण्या एकत्र, सवलतीत करून देण्याच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. पन्नास आकडे काढले की एखादा मर्यादेबाहेर निघतोच आणि निष्कारण धास्ती लागते. प्रथम डॉक्टरांना झोप, आहार, पाळी, चालू औषधे व मनःस्थिती यांविषयी सविस्तर सांगावे. मग ते सुचवितील त्या मोजक्याच तपासण्या कराव्यात. तपासणीपूर्वीच बी-बाराची इंजेक्शने घेऊ नयेत, अन्यथा खरी उणीव झाकली जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

सर्व आकडे बरोबर आले, म्हणून थकवा खोटा ठरत नाही. अपुरी झोप, झोपेत घोरताना श्वास अडणे, मनाची उदासी यांची नोंद रक्तात होत नाही. तेथे शोध अन्य मार्गाने चालू ठेवावा लागतो.

घरच्या घरी करण्याजोगेही काही आहे. जेवणावर लगेच चहा घेतल्याने अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. लिंबातील क जीवनसत्त्व मात्र त्यास साह्य करते. महाराष्ट्राबाहेर पिढ्या गेल्या तरी आपल्या पानात डावीकडे लिंबाची फोड वाढली जाते, ती शोभेपुरती राहू नये. आणि ज्या हातांनी ती वाढली जाते, त्या हातांची नखे फिकट तर दिसत नाहीत ना, हे जेवणाऱ्यांनी एकदा अवश्य पाहावे.