तार आणायला चाललोय

महिन्यातून एकदा मी बारामतीहून पुण्याला जातो. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं विचारलं की सांगतो, "तपकीर गल्लीत तार आणायला चाललोय." माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं कुणाला शंका येत नाही. खोटं पचावं म्हणून थोडी तार आणतोही. पण आधी जातो ते मानसोपचारतज्ज्ञांकडे. २०२३ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मला सांगितलं की मला एडीएचडी आहे आणि त्यावर काळजीचा जुना थर साचलाय.

या दुखण्याची मराठी पुस्तकी नावं आहेत, पण ती तोंडात बसत नाहीत. शिवाय भवानीनगरकडच्या आमच्या गावात या गोष्टीसाठी शब्दांची टंचाई कधीच नव्हती. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, पायाला भिंगरी लागलेला. छत्री, डबा, कंपासपेटी, एकदा तर पायातली एक चप्पल मी शाळेत विसरून आलोय. तुकोबांची पालखी बेलवाडीला आली तेव्हा रिंगणातल्या घोड्याकडं बघत मी आईचा हात सोडला, तो दुपारी लासुर्ण्याच्या वाटेवर एका दिंडीत टाळ वाजवताना सापडलो. मी हरवलोय हे मला ठाऊकच नव्हतं. आई मात्र तोवर रडून अर्धी झाली होती. प्रगतिपुस्तकात दरसाल एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नाही.

हे शब्द खोटे होते असं मी म्हणणार नाही. मी वेंधळा होतोच. पण प्रत्येक शब्दाच्या मागं न बोललेलं एक वाक्य असायचं: हा मनावर घेत नाही. ते मला तीस वर्षं खरं वाटत आलं.

आता दुकानातली गंमत बघा. जळालेली मोटर आली की आधी खोलायची, जुनी तार काढताना टर्न मोजायचे, तारेचा गेज बघायचा, जोडणी कशी होती ते लिहून घ्यायचं. मग कॉइल भरायच्या. उन्हाळ्यात तर रांग लागते. शेतीला वीज पाळीनं येते, रात्री-अपरात्री एखादा फेज जातो, मोटर उरलेल्या दोघांवर ओढत राहते आणि वाइंडिंग जळतं. या कामात मला तंद्री लागते. चहा समोर गार होतो, फोन वाजून बंद पडतो. एका बसणीत मी चोवीस स्लॉट भरून उठलोय आणि बाहेर अंधार पडलाय. मग लक्ष नाही ते कुठं? लक्ष आहे, मुबलक आहे. ते माझं ऐकत नाही, एवढंच. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की एडीएचडीत असंच असतं. आवडीच्या कामात माणूस बुडतो आणि कंटाळवाण्या कामाला हात लावायला त्याचा जीव जातो. माझ्याकडं कंटाळवाणं काम म्हणजे बिलं. उसाचं बिल आलं की पैसे देतो म्हणून गेलेल्या शेतकऱ्याची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर मला तपशिलासकट आठवते, त्याचं नाव आठवत नाही. उधारीची वही आता बायकोकडं असते. टर्नचा आकडा मी कागदावर लिहीत नाही, कागद हरवतो. सरळ मोटरच्या अंगावर मार्करनं लिहितो.

निदानाकडं मी गेलो तो मुलामुळं. तो पाचवीत होता. बाईंनी बोलावून सांगितलं, याला एकदा दाखवून घ्या. पुण्यात तपासणीच्या वेळी पालकांसाठी फॉर्म होता. सूचना अर्धवट ऐकतो का? वस्तू हरवतो का? बसल्या जागी चुळबुळ करतो का? मी मुलासाठी खुणा करत होतो. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला पेन थांबलं. बायको शेजारून वाचत होती. ती म्हणाली, "अहो, हा तुमचाच फॉर्म आहे."

मोठ्या माणसाचं निदान रक्त तपासून होत नाही, डोक्याचा फोटो काढूनही नाही. डॉक्टर खोदून खोदून विचारतात. जगभर वापरात असलेल्या अमेरिकन निदानपुस्तिकेत लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ लक्षणं दिली आहेत. यांतल्या एका गटातली मुलांमध्ये सहा आणि सतरा वर्षांपुढच्यांमध्ये पाच दिसावी लागतात. ती घरी दिसतात, बाहेर दिसत नाहीत, असं चालत नाही. त्यांच्यामुळं माणसाचं खरोखर अडायला हवं. आणि काही तरी बाराव्या वर्षाआधी सुरू झालेलं असावं लागतं. २०१३ च्या आवृत्तीआधी ही अट सात वर्षांची होती. म्हणून डॉक्टरांनी आईला बोलावलं आणि जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. आईनं बेलवाडीचा किस्सा सांगितला आणि वर म्हणाली, "ह्याचे वडीलबी असेच होते." डॉक्टर हसले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या प्रकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के धरतात. याचा अर्थ शंभरातल्या सत्तर पोरांना बापाचं लागतं असा नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा जन्मतः आलेला असतो, एवढाच.

नंतर मी वाचत गेलो. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण स्वतःला आवरता येत नाही, अशी मुलं. त्यानं याला नैतिक संयमाचा दोष म्हटलं. म्हणजे लंडनचा डॉक्टर आणि आमचे गुरुजी यांचं मत फार वेगळं नव्हतं.

आता शटरची गोष्ट सांगतो, कारण माझं खरं कोडं तिथं होतं. रात्री दुकान बंद केलं की मी कुलूप ओढून बघायचो. चार पावलं जाऊन परत यायचो, पुन्हा ओढायचो. कधी घरी पोचून मोटरसायकल परत वळवायचो. आमच्याकडं याला मंत्रचळ म्हणतात. मलाही वाटायचं, आपल्याला मंत्रचळ लागलाय. डॉक्टरांनी विचारलं, "कुलूप खरंच कधी उघडं राहिलंय का?" राहिलं होतं की! दोनदा. एकदा तर रात्रभर किल्ली कुलपातच होती.

मग त्यांनी फरक सांगितला. मंत्रचळात हात दहादा धुऊनही मनाचं समाधान होत नाही. शंका पुराव्याला जुमानत नाही. माझी शंका मात्र पुराव्यावरच उभी होती. विसरतो, म्हणून तपासतो. पण तीस वर्षं बोलणी खाऊन विसरण्याची भीती विसरण्यापेक्षा मोठी होऊन बसली होती. छाती धडधडायची, झोप तुटायची. ती काळजी एडीएचडी नव्हे. एडीएचडीच्या शेतात उगवलेलं ते तण. दोन्हींचा इलाज वेगळा. हे कळल्यावर मी स्वतःच्या सवयी वेगळ्या करत बसलो. वस्तू हरवणं जन्माचं. फोन उचलायची भीती कमावलेली. दुसऱ्याचं बोलणं तोडणं जन्माचं. लग्नाकार्यात कोपऱ्यात बसणं कमावलेलं. आणि कपबशीतला चहा बशीत ओतून पिणं हे दोन्हींपैकी काही नाही, ते नुसतं माझं आहे. कुलपाचं म्हणाल तर आता लावल्यावर मोबाइलवर फोटो काढतो आणि जातो.

गोळीचं नाव मेथिलफेनिडेट. १९४४ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीत लिआंड्रो पानिझोन यानं ती तयार केली आणि बायको रीटा हिच्यावरून औषधाचं नाव रिटालिन पडलं. आपल्याकडं ती कडक नियमांत आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवूनही मिळाली नाही. पहिल्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. शेजारी रेडिओ चालू होता आणि माझे टर्न चुकले नाहीत, एवढंच. भूक मात्र मेली. रक्तदाब बघत राहावं लागतं. आणि बिलं गोळीनं लिहून होत नाहीत, ती बसूनच लिहावी लागतात.

मेंदूच्या अशा वेगळ्या घडणीसाठी 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द जूडी सिंगर या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात वापरला, तो स्वमग्नतेच्या संदर्भात. आता त्या छत्रीखाली एडीएचडी, डिस्लेक्सिया सगळे उभे असतात. मला ती छत्री आवडते, पण जरा अवघडूनच मी तिच्याखाली उभा राहतो. आमच्या नात्यात एक मुलगा आहे, बोलत नाही. त्याची आई त्याला सोडून पाच मिनिटं अंगणात जाऊ शकत नाही. तिला 'वेगळेपण साजरं करा' म्हणायची माझी हिंमत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत. नुसता एडीएचडी त्या यादीत नाही. माझ्यापुरतं त्यानं काही अडत नाही. परीक्षेत वेळ वाढवून हवा असलेल्या पोराचं अडतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया दाखवला, 'कासव'मध्ये नैराश्य. माणसं बघून रडली. वेंधळ्या माणसावर मात्र आपण हसतो. रात्री झोप उडाली, जीव घाबरला, तर सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, हे मी दुकानात येणाऱ्यांना सांगतो. मी स्वतः पुण्याला कशाला जातो, ते मात्र सांगत नाही.

एक माणूस सोडून. निमगाव केतकीला माझी थोरली बहीण दिलीय. लहानपणी ती माझ्यासारखी पळायची नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायची, भाजी करपायची. मुलींमध्ये हा प्रकार असा गप्प असतो, म्हणून सुटून जातो. मला निदान शाळेनं तरी शेरा दिला. तिला सासरनं दिला: बिनकामाची.

गेल्या दिवाळीत मी तिला तो फॉर्म दाखवला. ओसरीवर बसून तिनं वाचला. तिसऱ्या प्रश्नावर बराच वेळ बोट ठेवून बसली. मग आत कुणी ऐकत नाही ना बघून मला म्हणाली, "तुझं बरंय. तू तार आणायला जातोस. मी घरी काय आणायला चालले म्हणून सांगू?"