ओळखीच्या नंबरवरून आलेली फाईल



हप्त्याचे दिवस आले की गावच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल फिरते. नंबर ओळखीचा, म्हणून आपण उघडतो. पण बरेचदा त्या भाऊचा फोनच आधी दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो, त्याला पत्ताही नसतो. त्याच्याशी भांडून काय होणार? फाईल फोनमध्ये बसली की बँकेचे मेसेज, ओटीपी तिकडं वाचले जातात.

दुसरा प्रकार फोनवरचा. "केवायसी करून देतो, एनीडेस्क टाका, नंबर सांगा." नंबर सांगितला, परवानगी दिली की तुमची स्क्रीन त्याच्यासमोर. रिझर्व्ह बँकेनं २०१९ लाच याचा इशारा दिलाय.

मग नुकसान कोणाचं? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी किंवा पिन आपणच दिला, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले. कळवल्यानंतर जातील ते बँकेचे. घरचे बोलतील म्हणून रात्रभर गप्प बसलं, तर त्या रात्रीचा तोटा आपल्याच माथी. फसण्यापेक्षा ही लाज महागात पडते, असं मला तरी वाटतं.

नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला, लगेच १९३० ला कळवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

ई-केवायसी सरकारी पोर्टलवर ओटीपीनं, सीएससी केंद्रात अंगठ्यानं किंवा प्ले स्टोअरवरच्या सरकारी ॲपमध्ये चेहरा दाखवून होते. आपली कंपनी एपीके पाठवत नाही. आमच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, आधी फोन करा.